संख्या किती मोठी?

“आणि उणे सात दिले तर?” मुकादम सरांनी विचारलं.

“पहिल्याच ओळीतून परत येईल,” स्वरूपा म्हणाली. “दोनापेक्षा लहान काहीही आलं की उत्तर शून्य. म्हणजे मूळ संख्या नाही.”

“दोन दिले तर?”

“दोन मूळ आहे. ते दुसऱ्या ओळीत बघितलंय. बाकीच्या सगळ्या सम संख्या तिथेच गळतात.”

“आणि न…”

“नऊ मूळ नाही. तिनानं भाग जातो. लूपच्या पहिल्याच फेरीत उत्तर मिळतं.”

सरांचा प्रश्न तोंडातच राहिला. त्यांनी कागद डोळ्यांपासून जरा लांब धरला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.

कागदावर सात-आठ ओळी होत्या. दिलेली संख्या मूळ आहे की नाही ते सांगणारं, सी भाषेतलं एक फंक्शन. स्वरूपानं ते हातानं लिहून आणलं होतं. पडद्यावर लिहिलेलं सर बघत नसत. तंत्रनिकेतनात तीस वर्षं शिकवलं, त्यातली निम्मी वर्षं चाळीस मुलांमागे चार संगणक होते. तेव्हा सर म्हणायचे, कागदावर चालवा, कागद कधी बंद पडत नाही. पुढे संगणक वाढले, पण सरांची सवय गेली नाही.

निवृत्त झाल्यावर ते खाडीकाठच्या आपल्या गावी परतले. गावावरच्या टेकडीवर एका पिराचा छोटा दर्गा आहे. तिथे दिवाबत्ती करणारे म्हातारे वारले आणि अंगणात पाचोळा साठायला लागला. सरांनी कुणालाही न विचारता झाडू उचलला. आता ते दर्ग्याच्या शेजारच्या एका खोलीत राहत. खालचे लोक परीक्षेचे अर्ज, भावाभावांची भांडणं आणि मुलींची स्थळं घेऊन त्यांच्याकडे चढून येत. सर फार बोलत नसत. तरी लोक येत.

स्वरूपा खोत ही त्यांची आजवरची सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी. हे सर कधी म्हणाले नव्हते. ते तिचं तिलाच माहीत होतं.

ती पहाटे पुण्याहून गाडी काढून निघाली होती. घाटात दोनदा थांबली, दोन्ही वेळा चहा अर्धा टाकून उठली. टेकडीच्या पायऱ्या तिनं जवळजवळ पळतच चढल्या. आल्या आल्या नमस्कार केला, कागद पुढे केला आणि म्हणाली, “सर, यात चूक काढून दाखवा.”

यात एक चूक होती. ती कुठे आहे हे स्वरूपाला ठाऊक होतं. गेले पाच दिवस तिला त्या चुकीखेरीज दुसरं काही सुचत नव्हतं. आणि सरांना ती सापडू नये एवढ्यासाठीच ती पाच तास गाडी चालवत आली होती. ज्या माणसानं तीस वर्षं सी शिकवली, त्याच्याही नजरेतून जी निसटते, ती चूक तिच्या नजरेतून निसटली तर तिचा काय दोष?

सरांनी कागद खाली ठेवला.

“बरोबर आहे,” ते म्हणाले.

…

स्वरूपानं श्वास सोडला. आता हलकं वाटायला हवं होतं. ती तशी वाट बघत बसली. समोर उंडीच्या झाडाखाली पानं पडत होती. खाली खाडीत, गाड्या पलीकडे नेणाऱ्या तरीवर एक टेम्पो चढत होता. तिनं फोन काढला, बघितला, ठेवला. पाय बदलून बसली. पुन्हा फोन काढला.

हलकं काही वाटेना.

“नक्की बघितलंत?” तिनं विचारलं.

“बघितलं.”

“लूपची अट पण?”

“वाच.”

“आय गुणिले आय जोवर एनपेक्षा लहान किंवा तेवढंच आहे तोवर.” ती भराभर बोलली. “म्हणजे तीन, पाच, सात असं एकेक विषम संख्येनं भागत जायचं. भाग गेला की संपलं, मूळ नाही. भागणारी संख्या स्वतःनंच गुणून दिलेल्या संख्येच्या पुढे गेली की थांबायचं. वर्गमूळाच्या पलीकडे बघायची गरज नसते. तोवर कशानंच भाग गेला नाही तर मूळ.”

“हो,” सर म्हणाले. “असंच शिकवलं होतं मी.”

ते उठून आत गेले. बाहेर आले तेव्हा हातात एक जाड वही आणि पेन्सिल होती. उभ्याउभ्याच त्यांनी वहीच्या कोऱ्या पानावर एक संख्या लिहिली. एकेक आकडा सावकाश काढत गेले, शाळेतल्या फळ्यावर काढावा तसा.

२१४७४८३६४७.

वही त्यांनी स्वरूपाच्या मांडीवर ठेवली.

“चालव,” ते म्हणाले.

 हीच संख्या. पाच दिवस झोपेतसुद्धा हेच दहा आकडे तिच्यासमोर उभे राहत होते.

“हीच का?” तिनं विचारलं.

“मोठी आहे म्हणून.”

“सर, हातानं? ही दोनशे चौदा कोटींच्या वर आहे.”

“तुझ्याकडे दुपारपर्यंत वेळ आहे ना?”

त्यांनी कोपऱ्यातला झाडू घेतला आणि उंडीखालचा पाचोळा लोटायला सुरुवात केली.

स्वरूपानं पेन्सिल उचलली. शाळेनंतर एवढा मोठा भागाकार तिनं कधी केला नव्हता. दोनानं भागून बघितलं, एक उरला. तिनानं भागलं, एक उरला. पाचानं, दोन उरले. सातानं पुन्हा एक. तिनं सात खोडलं आणि पुढे अकरा लिहिलं.

“नऊ?” सर लांबूनच म्हणाले. त्यांची पाठ तिच्याकडे होती.

“तिनानं जात नाही, तर नवानं कसा जाईल?”

“ते तुला माहीत आहे. तुझ्या फंक्शनला माहीत नाही. ते जे करतं तेच तू कर.”

तिनं दात आवळले आणि नवानं भागलं. एक उरला. अकरानं, एक. तेरानं भागताना हातचा चुकला आणि सगळं खोडून पुन्हा करावं लागलं. दहा उरले. पंधरा. सतरा. ऊन पायरीवरून तिच्या पायांवर आलं. ती सरकून बसली. पेन्सिल बोथट झाली, तिनं ती दगडावर घासली. एकोणीस. एकवीस. प्रत्येक भागाकार संपत आला की तिला वाटायचं, या वेळी शेवटी शून्य उरावं. एकदा शून्य उरलं की सुटले. पण काही ना काही उरतच होतं.

एक म्हातारी पायऱ्या चढून आली. दर्ग्यासमोर डोकं टेकवून तिनं सरांशी नातवाच्या तापाबद्दल काहीतरी बोलून घेतलं आणि जाता जाता स्वरूपाच्या वहीत डोकावली.

“परीक्षा आहे काय गो?” म्हातारीनं विचारलं.

“नाही,” स्वरूपा म्हणाली.

“मग कशास करतंस?”

स्वरूपानं पुढचा भागाकार मांडला. म्हातारी गेली.

ती सत्तेचाळीसपर्यंत आली तेव्हा तिनं पानाच्या कडेला एक हिशोब मांडला. वर्गमूळ सेहेचाळीस हजार तीनशे चाळीसच्या थोडं पुढे. फक्त विषम घेतल्या तरी तेवीस हजारांच्या आसपास भागाकार. दिवसाला तीनशे केले तर अडीच महिने.

तिनं वही मिटली.

“सर, हे संपणार नाही.”

सरांनी पाचोळ्याचा ढीग टोपलीत भरला. “का? वर्गमूळाशी थांबेल की. तूच म्हणालीस.”

…

“थांबेल ना?” सरांनी पुन्हा विचारलं.

स्वरूपा उठून उभी राहिली. दोन पावलं अंगणाच्या कठड्यापर्यंत गेली, परत आली. बसली नाही.

“नाही थांबत,” ती म्हणाली.

सरांनी टोपली खाली ठेवली.

“सेहेचाळीस हजार तीनशे एक्केचाळीसनं भागायची पाळी आली की आधी त्या संख्येला त्याच संख्येनं गुणायचं असतं. तो गुणाकार इंटमध्ये, म्हणजे पूर्णांक ठेवायच्या डब्यात, मावत नाही. इंटचा डबा इथेच संपतो, या संख्येशी. त्यापुढचं काही त्यात ठेवायला गेलं की माझ्या मशीनवर ते उलटून उणे होतं. पुढेही जे येईल ते डब्यात मावणारंच, म्हणजे या संख्येपेक्षा लहानच. मग अट कधी खोटी ठरतच नाही. लूप पुढे जात राहतं. लाख, कोटी, शंभर कोटी. शेवटी भागणारी संख्या वाढत वाढत या संख्येएवढी होते. हिला हिच्यानंच भागतं. भाग जातो. शून्य उरतं.” ती पुन्हा कठड्याकडे वळली. “आणि फंक्शन सांगतं, ही मूळ नाही. आठ सेकंद विचार करून सांगतं.”

“आणि ती आहे?”

“आहे. मूळच आहे.”

सरांनी मान हलवली. त्यांना आश्चर्य वाटल्याचं काही दिसलं नाही.

“तुम्हाला ठाऊक होतं,” स्वरूपा म्हणाली. “कागद बघितला तेव्हाच कळलं तुम्हाला. मग बरोबर आहे का म्हणालात?”

“बरोबर आहे म्हटल्यावर माणूस उठतो,” सर म्हणाले. “तू उठली नाहीस.”

खाडीवरून वारा आला आणि झाडलेल्या अंगणात पुन्हा चार पानं पडली. सरांनी आतून तांब्या-भांडं आणलं. ती उभ्यानंच घटाघट पाणी प्यायली.

“दुरुस्त केलंस?” त्यांनी विचारलं.

“त्याच दिवशी. गुणायचंच नाही. एनला आयनं भागायचं आणि येणारं उत्तर आयपेक्षा लहान झालं की थांबायचं. सगळं डब्यात मावतं. एका ओळीचा फरक आहे.”

“मग आलीस कशाला?”

…

स्वरूपा पायरीवर बसली. बोलायला लागली तेव्हा सरांकडे न बघता हातातल्या भांड्याकडे बघत बोलली.

ती ज्या कंपनीत होती तिथे नव्या लोकांच्या मुलाखती तीच घ्यायची. दोन वर्षं. प्रश्न नेहमी एकच, मूळ संख्या ओळखणारं फंक्शन लिहा. उत्तर ताडून बघायला तिनंच एक आदर्श उत्तर लिहून ठेवलं होतं. हेच, कागदावरचं. सत्तावन्न जणांचे कागद तिनं याच्याशी जुळवून बघितले होते. तिला एकेकाला पाच मिनिटं पुरायची. त्याचा तिला अभिमान होता.

गेल्या आठवड्यात एक बाई आल्या. वंदना घोसाळकर. वय चव्वेचाळीस. पूर्वी विजेच्या मीटरच्या कारखान्यात सी लिहायच्या. मग मुलगी झाली, तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. त्या मुलीला बोलायला शिकवण्यात अकरा वर्षं गेली. आता मुलगी शाळेत रमली होती आणि बाईंना पुन्हा काम हवं होतं.

“मी प्रश्न सांगितला,” स्वरूपा म्हणाली. “त्यांनी कागद पुढे ओढला. वर फंक्शनचं नाव लिहिलं. मग मान वर करून विचारलं, संख्या किती मोठी येऊ शकते?”

“तू काय म्हणालीस?”

“मी हं म्हणाले. मी लॅपटॉपवर दुसरं काहीतरी लिहीत होते. त्या नुसत्या बसून राहिल्या. पेन खाली ठेवलेलं. एक मिनिट, दोन मिनिटं. मला वाटलं, अडल्या. अकरा वर्षांत सगळं विसरल्या. बघवेना मला. मी म्हणाले, ठीक आहे, कळवतो आम्ही. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण मी उठले होते.”

“अहवाल?”

“मूलभूत तयारी नाही. तीन शब्द.”

सरांनी तिच्या हातातलं भांडं घेऊन बाजूला ठेवलं.

“चार दिवसांनी सिग्नलला गाडी उभी होती. आणि अचानक तो प्रश्न मला ऐकू आला. तोवर मी तो ऐकलाच नव्हता, सर. संख्या किती मोठी येऊ शकते. ऑफिसात जाऊन मी सगळ्यांत मोठी संख्या टाकून बघितली.” तिनं वहीकडे हात केला. “सत्तावन्न जणांत तो प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीसुद्धा स्वतःला कधी विचारला नाही.”

“कुणाला सांगितलंस?”

“तुम्हाला. आत्ता.”

“निवड झाली?”

“यादी सोमवारी लागेल.”

आज शनिवार होता.

स्वरूपा पुन्हा उठली होती. कठड्यापाशी जाऊन परत येता येता बोलत होती. “सांगायचं तर नुसतं त्यांच्याबद्दल सांगून भागत नाही. मग उत्तरच चुकीचं होतं हे सांगावं लागेल. मग सत्तावन्न कागद. एका मुलानं भागाकाराची अट लिहिली होती. नीट आठवतोय मला तो कागद. मी त्याचा अर्धा गुण कापला, भागाकाराला गुणाकारापेक्षा जास्त वेळ लागतो म्हणून शेरा मारला. लाल शाईनं. तो बरोबर होता. असे आणखी किती असतील? हे सगळं मीच जाऊन सांगू? दोन वर्षं सगळे मला विचारून पुढे जातात तिथे. आणि कदाचित… कदाचित कुणाला कधी कळणारही नाही. मी ओळ बदललीच आहे. पुढच्यांसाठी ठीक झालंच आहे ना सगळं?”

सरांनी वही उचलली. तिचे भागाकार ते एकेक करून बघत गेले. तेराच्या भागाकारापाशी थांबले. खोडलेलं होतं, खाली पुन्हा केलेलं होतं.

“इथे काय झालं?”

“हातचा विसरले होते.”

“मग?”

“मग काय, खोडून पुन्हा केला.”

सरांनी वही तिच्या हातात दिली आणि ते आत गेले. थोड्या वेळानं त्यांनी आतून हाक मारली, जेवायला ये.

तांदळाची भाकरी होती आणि सुक्या जवळ्याची चटणी. स्वरूपानं अर्धी भाकरी खाल्ली. सर सावकाश जेवत होते, जणू कुणाला कुठे जायचंच नाही. तिचा पाय चटईवर सारखा हलत होता. तिला सरांचा राग आला. पूर्वीही यायचा, तंत्रनिकेतनात. उत्तर समोर असताना हा माणूस ते सांगत कसा नाही, असं तेव्हाही वाटायचं. मग लक्षात आलं की आज तिनं प्रश्नच विचारलेला नाही. जे विचारलं, त्याचं उत्तर तिला ठाऊक होतं.

ती हात धुऊन बाहेर आली.

फोनला रेंज फक्त कठड्याच्या एका टोकाला येत होती. तिथे उभी राहून तिनं विभागप्रमुखांना पत्र लिहायला घेतलं. पहिल्यांदा तीन परिच्छेद झाले. त्यात इंटची मर्यादा होती, ही चूक अनुभवी लोकांकडूनही कशी होते ते होतं, कामाचा ताण होता. तिनं वाचलं आणि पुसून टाकलं. दुसऱ्यांदा पाच ओळी लिहिल्या. आपल्या प्रश्नाचं आदर्श उत्तर मी लिहिलं होतं, ते चूक आहे. मोठ्या संख्येला ते चुकीचं उत्तर देतं. त्यावरून तपासलेले सत्तावन्न कागद पुन्हा तपासायला हवेत, ते दुसऱ्या कुणी तपासावेत. वंदना घोसाळकर यांची मुलाखत मी पूर्ण होऊ दिली नाही. त्यांना पुन्हा बोलवावं.

बोट पाठवण्याच्या खुणेवर ठेवून ती बराच वेळ उभी राहिली. खाली खाडीतली तरी पलीकडच्या काठाला लागली, तिच्यावरच्या गाड्या उतरल्या, दुसऱ्या चढल्या.

मग तिनं पत्र पाठवलं.

उत्तर वीस मिनिटांत आलं. तेवढ्या वेळात तिनं कठड्यावरचं शेवाळ नखानं खरवडून काढलं होतं. उत्तर दोन ओळींचं होतं. ‘त्यांना सोमवारी अकराला बोलवा, दुसरं कुणी मुलाखत घेईल. बाकीचं सोमवारी समोरासमोर बोलू.’

बाकीचं म्हणजे काय, ते त्यात नव्हतं.

वंदना घोसाळकरांचा नंबर तिच्याकडे होता. तिनं लावला. तीन वेळा वाजला आणि उचलला गेला.

“नमस्कार. मी स्वरूपा खोत बोलतेय. मागच्या आठवड्यात मुलाखत…”

“हो, मॅडम. बोला.”

तयार केलेलं सगळं स्वरूपा विसरली. तिनं भलतंच विचारलं.

“त्या दिवशी तुम्ही लिहिलं का नाहीत?”



“मी विचारलं होतं ना तुम्हाला, संख्या किती मोठी येईल म्हणून,” वंदनाबाई म्हणाल्या. “तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते.”

…

“मॅडम? ऐकू येतंय का?”

“येतंय,” स्वरूपा म्हणाली.

“माझी सवय आहे ती. माझ्या मुलीला काही विचारलं तर तिला उत्तर जुळवायला वेळ लागतो. मध्ये बोललं की तिचं बिनसतं. म्हणून मी विचारते आणि थांबते. तुम्हाला वेगळं वाटलं असेल.”

“मला वाटलं, तुम्हाला येत नाही.”

“मलाही मग तसंच वाटायला लागलं,” वंदनाबाई म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. “बसमध्ये बसल्यावर वाटलं, काहीतरी खुळ्यासारखं विचारलं आपण. एवढ्या साध्या प्रश्नात संख्या किती मोठी म्हणून कोण विचारतं? घरी आल्यावर पुस्तकं माळ्यावर टाकायला काढली.”

“टाकलीत?”

“अजून नाही. शिडी शेजारी गेलीय.”

स्वरूपानं डोळे मिटून घेतले. मग एकेक वाक्य सांगितलं. प्रश्न बरोबर होता. तिचं स्वतःचं उत्तर चूक होतं, आणि ते त्या प्रश्नामुळेच कळलं. अहवाल चूक होता. सोमवारी अकरा वाजता पुन्हा मुलाखत आहे, ती दुसरं कुणी घेईल.

वंदनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. संपल्यावर म्हणाल्या, “माझ्यासाठी तुम्हाला काही त्रास नाही ना होणार?”

“तुमच्यासाठी नाही,” स्वरूपा म्हणाली. “माझ्यामुळे होईल तेवढा.”

“येते मी. अकराला.”

स्वरूपानं फोन खिशात टाकला. ती कठड्याला टेकून उभी राहिली. पाच दिवसांचं ओझं उतरायला हवं होतं. थोडं उतरलंही. पण त्या जागी लगेच दुसरं येऊन बसलं.

सर दर्ग्याच्या दारात बसून समईसारखा एक पितळी दिवा चिंचेनं घासत होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. गाडीची किल्ली हातात होती, ती बोटाभोवती फिरत होती.

“येते म्हणाल्या,” तिनं सांगितलं.

सरांनी मान हलवली.

“सोमवारी माझं काय होईल ते माहीत नाही.”

“हं.”

ती निघाली. चार पायऱ्या उतरली आणि थांबली. परत वर आली.

“सर…”

त्यांनी वर बघितलं.

“मी त्यांचा फक्त एक प्रश्न ऐकलाय. एक प्रश्न चांगला होता, एवढंच. अकरा वर्षं त्यांनी कशाला हात लावलेला नाही. मी माझं सगळं उघड्यावर मांडलं. सत्तावन्न कागद बाहेर काढायला लावले. सोमवारी तिथे सगळे बघत असतील, हीच का ती बाई म्हणून.” किल्ली फिरायची थांबली. “आणि त्यांना ते फंक्शन लिहायला नाहीच आलं तर?”

…

सरांनी दिवा पालथा करून उन्हात ठेवला. हात धुतले.

“तर ती चूक त्यांची असेल.”